गोठ्यात अठरा वर्षे उभी असलेली कॉन्टेसा: जुने इंजिन उघडावे की इसुझू १.८ बसवावे?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या काकांनी १९८६ मध्ये नवी घेतलेली कॉन्टेसा २००७ पासून आमच्या वावरातल्या गोठ्यात उभी आहे. काका दोन वर्षांपूर्वी वारले. यंदा पोळ्याच्या दिवशी काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि "भंगारवाला तीनदा येऊन गेला बापा, आता तूच पाह्य काय करायचं ते" एवढेच त्या बोलल्या. कॉन्टेसाला स्पोर्ट्स कार म्हणणे जाणकारांना पटणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या गावात तिच्या आधी फक्त जीप आणि राजदूत फटफटी आली होती, तिथे लांब बोनेटच्या या बसक्या, रुंद गाडीला लोक "रेसची गाडी" म्हणत, आणि मीही लहानपणापासून तेच म्हणत आलो आहे.

गाडीची स्थिती सांगतो. शेवटी ज्या मिस्त्रीने तिला हात लावला, त्याने प्लग काढले आणि पुन्हा बसवले नाहीत. बॅटरी काढून नेणाऱ्याने बोनेट नीट लावले नाही, आणि गोठ्याच्या टिनाला नेमके त्याच जागी भोक पडले. त्यामुळे कित्येक पावसाळ्यांचे पाणी थेंबाथेंबाने इंजिनात गेले. सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढला तेव्हा आधी जवळजवळ लिटरभर स्वच्छ पाणी आले, मग तांबूस पाणी आणि शेवटी ताकासारखा पांढरट गाळ. प्लगच्या भोकांतून तीन आठवडे डिझेल आणि ऑइल सोडून ठेवले, क्रँकच्या नटाला चार फुटी पाइप लावून जोर दिला, तरी इंजिन तसूभरही हलले नाही. वायरीच्या टोकाचा कॅमेरा आत घातल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाच्या खपल्या दिसल्या. बाकीचे तीन त्या मानाने बरे आहेत. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांनी सरकीसकट कापसाचे घरटे केले होते आणि डॅशबोर्डमागची वायरिंग जवळपास संपवली होती. डावीकडे दरवर्षी तुरीच्या कुटाराचा (भुशाचा) ढीग लागत असे. त्या बाजूला दाराखालच्या पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जातो.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत. गावातले मिस्त्री म्हणतात की जीपचे डिझेल इंजिन टाका, ट्रॅक्टरसारखी चालेल. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाने इसुझू या जपानी कंपनीचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन सुचवले आहे. तिसरी वाट म्हणजे आहे तेच १.५ इंजिन उघडून बांधणे. माझी खर्चाची मर्यादा अडीच लाखांची आहे आणि घाई अजिबात नाही. गाडी रोज वापरायची नाही; पण महिन्यातून एकदा काकूंना बसवून यवतमाळपर्यंत जाऊन परत येता आले पाहिजे. आपण काय कराल?


लेथवाले (दर्यापूर)

पऱ्हाटी भाऊ, आपण प्रश्न इंजिनाचा विचारला आहे, पण माझ्या मते आपला खरा प्रश्न शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, त्या स्क्रू-ड्रायव्हरमध्ये आहे. कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसिस, आणि दाराखालचा पोकळ पट्टा हा त्या सांगाड्याचा कणा आहे. तो कुजलेला असताना पुढे जास्त ताकदीचे इंजिन बसवणे म्हणजे घुणलेल्या आढ्याला नवा पंखा टांगण्यासारखे आहे.

एक साधी परीक्षा करून पाहा. डावीकडचे पुढचे दार लावून त्याच्या मागच्या फटीत खालपासून वरपर्यंत एक पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा आणि फट किती आहे ते लक्षात ठेवा. मग त्या बाजूला पुढच्या चाकामागे, जिथे पत्रा मजबूत आहे तिथे, लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा आणि चाक जमिनीवरून उचलले जाईपर्यंत गाडी वर घ्या. फट वर-खाली सारखीच राहिली, तर सांगाड्यात अजून जीव आहे. फट बदलली किंवा दार उघडताना अडकले, तर आधी वेल्डिंगचे काम, मग बाकी सगळे. पट्टा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आतून आडवा-तिरपा अँगल वेल्ड करून घ्यावा, नाहीतर कापल्याबरोबर गाडी मधून बसते आणि पुढे तिची दारे जन्मभर लागत नाहीत. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि नवा पत्रा वाकवून बसवायचा. भोकांवर पुट्टी थापून रंग मारणारा डेंटर भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

डिझेलबद्दल एवढेच सांगतो की मिस्त्रींचे बोलणे शब्दशः खरे ठरेल. जीपचे इंजिन जड असते आणि त्याची थरथर ज्या प्रकारच्या चॅसिसने सोसायची, ती या गाडीला नाही. मी असे एक काम वीस वर्षांपूर्वी केले होते आणि वर्षभरात त्या गाडीचे डॅशबोर्डचे सगळे स्क्रू सैल झाले. गिऱ्हाईक समाधानी होते, मी नव्हतो.

आणि एक विनंती: कोणतेही इंजिन ठेवा, पण रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. आम्ही खारपाण पट्ट्यातले लोक आहोत, त्या पाण्याने पितळी रेडिएटरची काय गत होते ते मी रोज पाहतो.


कापूसगाडी (हिंगणघाट)

मी स्वतः १.५ कॉन्टेसामध्ये १.८ इंजिन बसवून घेतले आहे आणि ती गाडी अजून माझ्याकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण निवड तिच्यावरच अवलंबून आहे. कॉन्टेसाचे अंग व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सत्तरच्या दशकातील मॉडेलचे आहे. त्याचे साचे हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडहून आणले आणि १९८४ च्या सुमारास गाडी बाजारात आली. त्या देखण्या अंगात त्यांनी इंजिन मात्र अँबेसेडरचे, म्हणजे बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) १४८९ सीसीचे, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचे बसवले. म्हणून त्या काळी लोक थट्टेने म्हणत की ही गाडी उभी असतानाच सर्वांत वेगवान दिसते. पुढे त्याच कंपनीने इसुझूचे १८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससह दिले आणि ताकद ८८ वर गेली. थोडक्यात, आपण जो बदल करू पाहता तो कारखान्याने स्वतःच केलेला आहे. परक्या कंपनीचे इंजिन कोंबण्यात आणि यात हाच मोठा फरक आहे.

हे इंजिन दोन ठिकाणांहून मिळू शकते. एक म्हणजे भंगारात निघालेली १.८ कॉन्टेसा, जी आता मिळणे कठीण आहे आणि मिळालीच तर विकणारा तिचे सोने सांगतो. दुसरे म्हणजे अँबेसेडर १८०० आयएसझेड, जिच्यात नव्वदच्या दशकापासून हेच इंजिन ताकद थोडी कमी करून, ७५ च्या आसपास ठेवून दिले होते. शोध घेताना एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. "इसुझू" हे नाव बाजारात दोन वेगळ्या इंजिनांना चालते: १८१७ सीसीचे पेट्रोल आणि सुमारे दोन लिटरचे डिझेल. कोलकात्याचा मल्लिक बाजार अँबेसेडरच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या टॅक्सी बहुतेक डिझेलच्या होत्या. मला एका विक्रेत्याने फोनवर "एकदम इसुझू" म्हणून सांगितले, मी आगाऊ रक्कम पाठवली, आणि वर्धा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात खोके उघडले तेव्हा आत नोझलवाले डिझेल निघाले. फोटो मागवाल तेव्हा हेडचा मागवा आणि त्यात चार प्लग दिसतात की नाही ते पाहा. इंजिन नंबरचाही फोटो घ्या, तो पुढे कागदपत्रांना लागेल.

इंजिन एकटे घेऊ नका. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्टार्टर, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, इंजिनाच्या फाउंडेशनचे ब्रॅकेट, गिअरचा दांडा आणि क्लचची खालची यंत्रणा असे सगळे एका गाडीतून एकत्र उचला. जुना चार गिअरचा बॉक्स नव्या इंजिनाला जोडण्यासाठी अडॅप्टर प्लेट बनवून देतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण प्लेटचे मध्य केसाच्या जाडीनेही चुकले की गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज सुरू होतो आणि मग तो कधीच जात नाही.

अँबेसेडरमधून काढलेले इंजिन कॉन्टेसात सरळ बसेल असे समजू नका. फाउंडेशनचे ब्रॅकेट वेगळ्या गाडीसाठी बनलेले असतात, मला दोन्ही नवे बनवून घ्यावे लागले. इंजिन चेन-कप्पीवर लोंबकळत ठेवून सम्प आणि खालचा क्रॉसमेंबर यांत किती अंतर उरते, पंखा आणि रेडिएटर यांत किती उरते आणि बोनेट लागते की नाही, हे तिन्ही एकाच वेळी पाहावे लागते. आधी हार्डबोर्डचे ब्रॅकेट कापून पाहा, मगच लोखंडाला हात लावा. या कामात माझे सहा दिवस गेले आणि पुन्हा केले तरी तेवढेच जातील.

त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो, आणि जोडल्यावर तो बॅलन्स करून घेणे टाळता येत नाही. गिअरबॉक्सच्या मागचा फ्लँज आणि डिफरेन्शियलचा (मागच्या आसावरच्या गिअरपेटीचा) पुढचा फ्लँज एकमेकांना समांतर असले पाहिजेत, म्हणजे दोन्ही टोकांच्या जॉइंट क्रॉसचे कोन सारखे राहतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते नव्हते, आणि गाडी साठच्या पुढे गेली की आरसा इतका थरथरायचा की मागचा ट्रक दोन दिसायचे.

मागच्या डिफरेन्शियलचे प्रमाणही मोजून ठेवा. मागचे एक चाक जमिनीवर आणि एक वर उचललेले ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल, तेच आपले प्रमाण. दुबळ्या इंजिनासाठी ठेवलेले प्रमाण आखूड असते, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते. पाचव्या गिअरमुळे ते बरेचसे भरून निघते, म्हणून मी डिफरेन्शियल बदलले नाही.

थंडाव्याचे मात्र कसोशीने पाहा. जुने बीएमसी इंजिन ओतीव लोखंडाच्या हेडचे होते, ते दोनदा तापले तरी माफ करायचे. इसुझूचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना चढावर ते एकदा उकळले, तर हेड वाकते आणि गॅस्केट जाते. रेडिएटरचा कोअर नवा टाका, थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडची सवय सोडा, आणि तापमानाचा काटा चालू असल्याशिवाय गाडी गावाबाहेर नेऊ नका. दर्यापूरच्या काकांनी पाण्याबद्दल सांगितले आहे ते इथे दुप्पट लागू आहे.

शेवटी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी पाइप, सगळे नवे. अठरा वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतील ओल ओढून घेतलेली असते आणि पाइप आतून गंजलेले असतात; बाहेरून ते छान दिसतात, हीच अडचण आहे. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो ०६ किंवा ०७ वर संपत असेल तर टायरवर नक्षी कितीही शिल्लक असो, त्यावर काकूंना बसवू नका. कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढण्याचा मोह आपल्याला होणार आहे, मलाही झाला होता; तिथे कारला १२० ची परवानगी आहे, पण ती आपल्या ब्रेकना विचारून दिलेली नाही.


फॉर्म_एकतीस (नागपूर)

तांत्रिक बाबींत मी पडत नाही, कागदांचे सांगतो, कारण या धाग्यात अजून त्यांचा विषयच निघाला नाही आणि गाडी तयार झाल्यावर तो निघाला तर फार उशीर होतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. इंजिन बदलले, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे आवश्यक असते. १.८ बसवले तर इंजिन त्याच कंपनीने कॉन्टेसात दिलेले आणि इंधनही तेच असल्याने आपली बाजू डिझेलच्या तुलनेत पुष्कळ बरी आहे. तरी सीसीचा आकडा १४८९ वरून १८१७ होणार आहे आणि तो मान्य करणे हे अधिकाऱ्याच्या हातात आहे. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी आरटीओमध्ये लेखी अर्ज करा आणि उत्तर लेखीच घ्या. ज्या गाडीतून इंजिन काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती, दोन्ही हवेत. ते नसतील तर इंजिन स्वस्त असले तरी घेऊ नका, चोरीचे निघाले तर गाडीसकट जप्त होते. प्रमाणपत्रावर नोंद न केलेला बदल असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते.

त्याआधीची पायरी म्हणजे मालकी. काकांच्या पश्चात गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. गाडी जुन्या तीन अक्षरी नंबराची असणार, कारण एमएच मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. असा नंबर संगणकावर सापडत नसेल तर आधी जुन्या नोंदवहीवरून त्याची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मग पर्यावरण कर, फॉर्म २५ वर नोंदणीचे नूतनीकरण आणि प्रत्यक्ष तपासणी. नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचे मिळते.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होऊ शकते. आपली गाडी २०३६ मध्ये तिथे पोहोचेल. मूळ नंबराचे इंजिन भंगारात देऊ नका. ते ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.


आर्वीचा_मास्तर (आर्वी)

माझे मत सर्वांहून वेगळे आहे. एकच सिलिंडर खराब असेल तर ब्लॉक मेलेला नाही. त्या सिलिंडरला लायनर (आतून नवी नळी) घाला, बाकीचे तीन बोअर करून घ्या, क्रँक ग्राइंड करा आणि आहे तेच इंजिन बांधा. अँबेसेडरच्या कृपेने या इंजिनाचे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग अजून मिळतात आणि आपल्या भागातल्या कोणत्याही साठीच्या मिस्त्रीला ते डोळे मिटून उघडता येते. कागदपत्रांचा प्रश्नही आपोआप मिटतो. महिन्यातून एकदा यवतमाळला जायला ८८ अश्वशक्ती कशाला हवी?

फक्त दोन गोष्टी करा. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि ते पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. म्हणून हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततात. दुसरे, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत आहे. पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या रबरी वस्तू आणि इंधनाच्या नळ्या त्याला टिकणाऱ्याच घ्या, आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. टाकीत पाणी शिरले की इथेनॉल त्याच्यासोबत तळाला जाते.


पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी दर्यापूरच्या काकांनी सांगितलेली पुठ्ठ्याची परीक्षा केली. उजवीकडे फट तशीच राहिली. डावीकडे, कुटाराच्या बाजूला, चाक उचलेपर्यंत वरची फट इतकी मिटली की पुठ्ठा अडकला आणि दार उघडायला दोघे लागले. तेव्हा इंजिनाचा निर्णय आपोआप मागे पडला आहे. कापसाची वेचणी आटोपल्यावर गाडी ट्रॉलीवर घालून दर्यापूरला आणतो. लेथवाले काका, दाराच्या चौकटीत अँगल मी इथेच लावून घेऊ की तसाच घेऊन येऊ?

डिझेल बाद. आर्वीच्या मास्तरांचे म्हणणे खर्चाच्या दृष्टीने मला पटते, पण खरे सांगायचे तर मन १.८ कडेच ओढते. माझे काका स्वतः त्या इंजिनाची कॉन्टेसा पाहायला नागपूरला गेले होते आणि पैसे जुळले नाहीत म्हणून तसेच परतले, हे काकूंनी काल पहिल्यांदा सांगितले. आरटीओत अर्ज या आठवड्यात देतो. परवानगी मिळाली तर १.८, नाही मिळाली तर लायनर, आणि दोन्ही परिस्थितींत जुने इंजिन घरीच राहील.

गावात पैज लागली आहे की आधी शकुंतला (आमची बंद पडलेली यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे) धावेल की माझी गाडी. सध्या भाव शकुंतलेचा वर आहे. कापूसगाडी भाऊ, आपल्या फाउंडेशन ब्रॅकेटचे हार्डबोर्डचे नमुने अजून जपून ठेवले असतील तर कृपया त्यांची मापे पाठवावीत. हिंगणघाटला येऊन कागदावर आखून घ्यायचीही माझी तयारी आहे.


कापूसगाडी (हिंगणघाट)

नमुने आहेत, पण एक उंदरांनी कुरतडला आहे. दुसरा उलटा करून चालणार नाही, दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट वेगळे आहेत. बाजाराचा दिवस सोडून कधीही या. बोनेट उघडून थेट गाडीवरच मापे घेऊ.